अवसेचा पाऊण तास

चांगुणे, तू गेलीस हे मला सुपारी सोलायला येणाऱ्या बाईकडून कळलं. तेही तिसऱ्या दिवशी, आणि तेही मला सांगायचं म्हणून नव्हे. मागल्या अंगणात बसून ती दुसरीला सांगत होती की कोळीवाड्यातली ती उंच चांगुणा, जवळा सुकवणारी, अष्टमीला सकाळी बोंबील वाळत घालता घालता खाली बसली ती उठलीच नाही. मी पडवीत चहा घेत होते. "कोणती चांगुणा?" असं मी विचारलं. माहीत असून विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही नाही ओळखणार, बाई. तुम्ही कुठं मासळी खाता."

मी बरं म्हटलं आणि आत गेले. आत जाऊन काय केलं सांगू? भिंतीवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहून अष्टमीच्या चौकोनाकडे बघत बसले. त्या दिवशी सकाळी मी काय करत होते ते आठवून पाहिलं. लाइट बिलावर मीटरचा आकडा चुकीचा आला म्हणून त्या ऑफिसात फोनवर भांडत होते. तू जमिनीवर बसलीस तेव्हा मी मीटरच्या आकड्यावरून भांडत होते.

लोक लिहितात तसं तुझं मोठेपण लिहायला मी बसलेली नाही. तुझं जन्मगाव कुठलं, वय किती, मला नक्की माहीत नाही. तुला मुलगा एक आहे, सून आहे, होडी आहे आणि गुडघा दुखतो, एवढं माहीत. बाकी आपलं सगळं खडपावरचं. पाणी ओसरलं की वर येणारे ते काळे खडक, तेवढाच आपला मुलूख.

मला तुझ्याशी बोलायचंय ते एका गोष्टीबद्दल. पण ती एकदम तोंडातून निघत नाही. चौतीस वर्षं म्हसळ्याला आणि तळ्याला मुलांना गणित शिकवलं, एक पायरी गाळून पुढची लिहिली तर मी मार्क कापत असे. तेव्हा पायरी पायरीनंच येते.

निवृत्त होऊन मी श्रीवर्धनला घरी आले तेव्हा घरात मी, आणि वाडीत पोफळी. भाऊ वहिनी पुण्यात, त्यांची मुलगी आणखी लांब. गावातलं प्रत्येक माणूस मला बाई म्हणतं. भाजीवाला बाई म्हणतो, बँकेतली मुलगी बाई म्हणते, देवळातले गुरव बाई म्हणतात. आई गेल्यापासून मला 'तू' म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. भाऊसुद्धा फोनवर "काय बाई, बरं आहे ना" म्हणायचा, तेही दिवाळीला. झोप येईना म्हणून डॉक्टरकडे गेले, तर तो पोरगेला डॉक्टर गोळ्या लिहिता लिहिता म्हणाला, "बाई, काहीतरी छंद लावून घ्या. चार माणसं जोडली जातात." जसं काही छंद म्हणजे सर्दीवरचा काढा.

तरी मी ऐकलं. भजनी मंडळात गेले, तिथे माझा सूर लागेना आणि त्यांना तो न लागलेला चालेना. ज्येष्ठांच्या हास्यमंडळात गेले, तिथे सकाळी सात वाजता ठरवून हसायचं असतं. मला ठरवून हसता येत नाही. मग भाचीनं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठवलं, समुद्रातल्या शंख-शिंपल्यांचं. म्हणाली, आत्या, तुमच्या दारात समुद्र आहे, गोळा करा. हे बरं होतं. ह्याला माणसं लागत नव्हती.

आणि पहिल्याच अवसेला तिथे तू. लुगडं खोचून, कोयतीनं खडकावरची कालवं फोडत बसलेली. मी वाकून एक शंख उचलला तशी तू लांबून ओरडलीस, "अगो बाय, त्यात मांस न्हाय, रिकामा हाय तो."

"मला रिकामाच हवाय," मी म्हटलं.

"रिकामा कशाला?"

"बघायला."

तू कोयती खाली ठेवलीस आणि हसलीस. त्या हास्यमंडळात कोणी तसं हसत नव्हतं. मला राग आला होता, खरं सांगते. घरी येईपर्यंत मनात तुला उत्तरं देत होते. पण पुढल्या पुनवेला तू मला बघितल्यावर काम थांबवून उठलीस, ओटीत हात घातलास आणि एक लांबट, टोकदार शंख काढून माझ्या हातावर ठेवलास. "ह्यो बग. ह्यो पन रिकामा हाय." तुला तो पंधरा दिवस आधी मिळाला होता. पंधरा दिवस तू तो माझ्यासाठी ठेवला होतास आणि माझं नावसुद्धा तुला माहीत नव्हतं.

नाव तुला शेवटपर्यंत नकोच होतं म्हणा. मी सुलभा सांगितलं, तू मास्तरीण केलंस. "काय गो मास्तरीण, आज उशीर केलास." पहिल्यांदा 'केलास' ऐकलं तेव्हा मी चमकून बघितलं. मग घरी जाऊन तो शब्द परत परत मनाशी म्हणून पाहिला. तुला हे कधी सांगितलं नाही. तू म्हणाली असतीस, मास्तरीण येडी झाली.

माझ्या पुस्तकात नावं लॅटिन. मी चष्मा लावून वाचायची, जीभ अडखळायची, आणि तू म्हणायचीस, "मेल्या शंखाला येवढं मोठं नाव कशाला? हाक कोन मारनार हाय त्याला?" मग तुझी नावं सुरू झाली. कानासारखा पसरट, आतून चमकणारा तो 'सासूचा कान'. पिवळट, कडेला झिजलेला तो 'म्हातारीचा दात'. आणि तो पहिला, लांबट टोकदार, त्याला तू माझ्या तोंडावर 'भटाची शेंडी' म्हणालीस. मी हसले नाही, मग तू जास्तच हसलीस. आता माझ्या वहीत पहिल्या रकान्यात लॅटिन आणि दुसऱ्या रकान्यात सासूचा कान आहे. तुला वाचता येत नव्हतं, तरी दर वेळी वही उघडून "ह्यातलं माझं कुठलं?" म्हणून विचारायचीस आणि त्या रकान्यावरून बोट फिरवायचीस. बोटाला कायम कालवाचं पाणी. ती पानं अजून फुगलेली आहेत.

आपली पहिली चकमक आठवते? मी एक जिवंत शंख उचलून नेला होता. इतका देखणा होता की मला राहवलं नाही. डब्यात मिठाचं पाणी करून ठेवला, मला वाटलं राहील. दोन दिवसांत मेला. पुढल्या भेटीला मी काही बोलले नाही, पण तू माझ्या पिशवीजवळ आलीस आणि थांबलीस. मासळीत जन्म गेलेल्या बाईपासून वास काय लपणार. "जिता नेलास?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, तू रोज पाटीभर कालवं मारतेस त्याचं काय. तू म्हणालीस, "मी खायाला मारते. तू बगायला मारलंस." मग दोन भेटी तू माझ्याशी बोलली नाहीस. तीन हातांवर बसून कोयती चालवायचीस आणि पाठ माझ्याकडे. तिसऱ्या वेळी मी थर्मास उघडला, चहा झाकणात ओतला आणि तुझ्या बाजूला खडकावर ठेवला. तू तो थंड होऊ दिलास. मग प्यालीस. मग म्हणालीस, "साखर कमी." चौतीस वर्षांत मला कोणी शिक्षा केली नव्हती. ती शिक्षा मला पटली, आणि साखर मी वाढवली.

आपल्या भेटी तिथीवर. दर अवसेला आणि पुनवेला, पाणी सगळ्यात लांब जातं तेव्हा. पावसाळा सोडून. सहा वर्षांत नव्वदच्या आसपास झाल्या असतील, मी वहीतून मोजल्या. वेळ काढायची तुझी रीत वेगळी, माझी वेगळी. तुझ्या दारातून तो मोठा काळा खडक दिसायचा, ज्याला तू म्हैस म्हणायचीस. म्हशीची पाठ पाण्याबाहेर आली की तू पाटी उचलायचीस. माझ्या वाडीतून म्हैस दिसत नाही, मधे सुरूचं बन. म्हणून मी गणित करायची. ते गणित आपल्याकडे जुनंच आहे, माझ्या आजोबांनी शिकवलेलं: तिथीला पाऊणपट करायचं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण ओहोटी. त्याच्या तासभर आधी निघायचं. अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाच, म्हणजे मी सव्वाचारला खडपावर. तू म्हणायचीस, "दर्या काय तुझ्या साळंत गेलाय?" आणि मी म्हणायची, दर्यासुद्धा गणितानंच चालतो. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांच्या फरकानं आपण दोघी यायचो, आणि कोण बरोबर ह्यावर पहिला चहा संपायचा.

आणि खूण. माझ्या वाडीचा दगडी गडगा जिथे वाळूला टेकतो, तिथे खालून तिसऱ्या थरात एक फट आहे. आधी आली आणि थांबायला जमलं नाही तर तिनं फटीत खूण ठेवायची. माझी खूण कालवाचं पांढरं कवच, तुझी तिसरी, म्हणजे वाळूतली ती छोटी शिंपली. मागून येणारीनं ती काढून घ्यायची, म्हणजे फट मोकळी. फोन का नाही केलास असं कोणी विचारेल. तुझा फोन सुनेच्या हातात असायचा. आणि सुनेला काय सांगणार होतीस, की मास्तरणीबरोबर रिकामे शंख वेचायला जाते?

कारण घरी तू कोणालाच सांगितलं नव्हतंस. तुझा तो खारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, मिठाच्या गोणीमागे लपवलेला. त्यात सहा वर्षांतले तुझे शंख. हे तू मला चौथ्या वर्षी सांगितलंस, आणि सांगताना आजूबाजूला बघितलंस. मला हसू आलं. साठीची बाई, आणि शंख लपवते. तू म्हणालीस, "आमच्यात शिंपला म्हंजे खाऊन टाकलेलं. उकिरडा. त्यो कोन जपतं?" मी हसले ते चुकलं. तेव्हाच समजायला हवं होतं.

आता ती गोष्ट.

पौषातल्या पुनवेला मी तुला सांगितलं की वाचनालयात आपल्या शंखांचं प्रदर्शन लावायचंय. मीच जाऊन ठरवून आले होते. दोन टेबलं, कापूस अंथरून, आणि प्रत्येकापुढे चिठ्ठी: लॅटिन नाव, खाली तू ठेवलेलं नाव. आणि दाराशी पाटी: संग्रह सुलभा आणि चांगुणा ह्यांचा. मला वाटलं तू खूश होशील. तू कोयती चालवत राहिलीस आणि म्हणालीस, "माझं नाव नको."

"का नको? निम्मे तुझे आहेत."

"हायत. पन नको."

मी वाद घातला. मी वादात कोणाला सोडत नाही, तुला माहीत आहे. म्हटलं, गाव येईल, तुझी सून येईल, बघू दे तिला. तू म्हणालीस, "मास्तरीण, घरात माझं काय बी न्हाय. होडी पोराची, बाजारातला वटा सुनेचा, फोन पन तिचा. ह्ये येकच माझं हाय. लोकांनी बगितलं की ते माझं ऱ्हानार न्हाय."

किती सरळ बोलली होतीस. मी दहावीच्या पोरांना तिसऱ्यांदा समजावून सांगायची, आणि तू एकदा सांगितलेलं माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला एवढंच ऐकू आलं की तुला माझ्याबरोबर नाव लावायला नको. मी म्हटलं, "माझी लाज वाटते का तुला? कोळीवाड्यात सांगायची चोरी आहे अशी मी कोण?" तू कोयती पाटीत टाकलीस. मग मी पुढचं बोलले. म्हटलं, "लपवायची मैत्री मला नको. अवसेला मी येणार नाही. बस एकटी तुझा डबा घेऊन."

तू पाटी डोक्यावर घेतलीस. "नको येव," म्हणालीस. "मी येनार हाय."

पंधरा दिवस मी धुमसत होते. पण अवसेला दुपारीच थर्मास धुवून ठेवला. साखर जास्त घातली. कॅलेंडर बघितलं, अवस, पंधराची पाऊणपट, सव्वाचार. सव्वाचारला मी गडग्याशी हजर. मी आले होते, चांगुणे. जाणार नाही म्हणाले होते आणि आले होते.

फटीत बघितलं, काही नव्हतं. तू नव्हतीस. खडपाकडे बघितलं तर म्हशीची पाठ अजून पाण्याखाली. हे मी बघितलं. माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि त्याचा अर्थ लावला नाही, कारण माझं गणित झालेलं होतं आणि गणितात तू उशिरा होतीस. माझ्या मनात एकच: मी येनार हाय म्हणाली होती, आणि बघा. अर्धा तास थांबले. पावणेपाचला उठले. थर्मास पिशवीत घातला. कालवाचं कवच माझ्या हातात होतं, नेहमीचं. फटीजवळ हात नेला आणि मागे घेतला. मुद्दाम. म्हटलं, नको कळू दे मी आले होते ते. तिला वाटू दे आली नाही. जरा तिलाही समजू दे.

रात्री पंचांग काढलं. कॅलेंडरच्या चौकोनात अवस लिहिली होती ती सूर्योदयाची. ती सकाळी आठलाच संपली होती. संध्याकाळी प्रतिपदा लागलेली. एक तिथी वाढली, म्हणजे ओहोटी पाऊण तास उशिरा. तू आलीस ती पाचला आली असणार, म्हशीची पाठ बघून, आणि मी पंधरा मिनिटांपूर्वी उठून गेलेली. पहिल्या महिन्यात तू मला सांगितलं होतंस, कॅलेंडरातल्या अवसेवर जाऊ नको म्हणून. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईची ही चूक. मी पंचांग मिटलं. म्हटलं पुनवेला सांगेन. पुनवेला चहा देताना सांगेन की मी आले होते, गणित चुकलं, आणि तू मला वर्षभर चिडवशील. दुसऱ्या दिवशी तुझ्या घरी जाता आलं असतं. कोळीवाड्यापर्यंत वीस मिनिटांची वाट. पण मला तुझं घर माहीत नव्हतं, आणि कोणाला विचारायचं तर काय म्हणून विचारायचं. शिवाय अजून थोडी अढी होती. ती पण सांगते, लपवत नाही.

मग अष्टमी.

कळल्यावर दुसऱ्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. पहिल्यांदा. विचारत विचारत. तुझ्या दाराशी चार-पाच बायका बसल्या होत्या. तुझी सून बाहेर आली, डोळे सुजलेले. तिनं माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाली, "मासली न्हाय, बाई. सुतक हाय घरात. बारावा झाला की या."

मी आयुष्यात मासळी विकत घेतलेली नाही. मी फक्त एवढंच बोलायला हवं होतं की मी तिची मैत्रीण. तीन शब्द. तोंड उघडलंसुद्धा. आणि मला तू दिसलीस, पाटी डोक्यावर घेताना. ह्ये येकच माझं हाय. मी सांगितलं तर ती विचारणार, कुठली मैत्रीण, कधीपासून, कशावरून. सगळं त्या अंगणात सांडणार. आणि नाही सांगितलं तर मी कोण? मासळीची गिऱ्हाईक.

मी बरं म्हटलं. "बाराव्यानंतर येते," असं म्हटलं.

वळताना भिंतीशी कालवांच्या कवचांचा ढीग दिसला. त्यावर बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा उपडा पडलेला. घर धुतलं असेल, गोणी हलवल्या असतील, कोणीतरी उघडून बघितला असेल आणि म्हटलं असेल, हे काय, शिंपले. ढिगात वरच सासूचा कान होता. उन्हात आतली बाजू चमकत होती. मी वाकले. तुझी सून मागून म्हणाली, "जपून, बाई, पाय कापंल." चांगली आहे गं ती. तिचा काही दोष नाही. मी सरळ झाले आणि घरी आले. तो मी उचलला नाही, ह्याबद्दल मी स्वतःला काही केल्या माफ करत नाही.

लोक म्हणतात, छंद असला की माणूस एकटं पडत नाही. त्यांना माझ्याकडे पाठवा. कपाटात तीनशेच्या वर शंख आहेत. काल एकेक काढून पुसत होते आणि एकालाही हातात धरवेना. तुझ्याआधी मी एकटी होते, पण मला ती रीतच वाटायची. माणसाला दाढदुखीचीसुद्धा सवय होते. तू ती सवय मोडलीस. सहा वर्षं मोडत राहिलीस आणि मग उठून गेलीस. आता ह्या वयात ती सवय परत कुठून लावू? वाचनालयातून फोन आला होता, प्रदर्शन कधी लावायचं म्हणून. नाही म्हणून सांगितलं. कारण विचारलं तर म्हटलं, संग्रह माझा एकटीचा नाही.

आज पुनव. आज मी गणित केलं नाही. तीनलाच जाऊन वाळूवर बसले आणि म्हशीची पाठ दिसायची वाट बघितली, तुझ्यासारखी. दिसली तशी उठले आणि गडग्याकडे गेले. अवसेनंतर मी तिकडे फिरकले नव्हते. फटीत हात घातला.

तुझ्या तिसऱ्या होत्या. एकात एक बसवलेल्या, वाट्या ठेवाव्यात तशा. पाच.

मी तीनदा मोजल्या. पाचच. अवसेची एक, ती मला अपेक्षित होती. पण पाच? अवस ते सप्तमी आठ दिवस होतात. त्यातले पाच दिवस तू आलीस. पाणी रोज पाऊण तास पुढे सरकतं, म्हणजे रोज वेगळ्या वेळी, वाळवण टाकून, घरी काहीतरी कारण सांगून, त्या गुडघ्यानं वाळू तुडवत तू आलीस. फटीत बघितलंस. माझं कवच नव्हतं. आदल्या दिवशीची तुझी खूण तशीच पडलेली. मग तिच्यात आणखी एक ठेवलीस. पाच वेळा. आणि मी त्याच गडग्याच्या आत, घरात बसून पुनवेची वाट बघत होते, की चहा देताना सांगेन.

रीत अशी आहे की मागून येणारीनं खूण काढून घ्यायची. मी त्या काढल्या नाहीत. काढल्या तर भेट झाली असं ठरतं, आणि ती झालेली नाही. माझं कवच पिशवीत होतं, तेच, अवसेचं. ते तुझ्या पाचांवर ठेवलं. ते ठेवून उपयोग काय, ते मला विचारू नकोस. पाणी फिरेपर्यंत तिथेच उभी राहिले. थर्मास नेला होता. झाकणात ओतून बाजूला ठेवला, तो थंड झाला, मग वाळूत ओतला.

तू गेलीस ती मी आले नाही असं समजून गेलीस. ह्यापुढे कितीही अवसा आल्या तरी हे बदलणार नाही. म्हणून हे लिहिलं. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवणारी मी एकटीच होते.

मी आले होते, चांगुणे. सव्वाचारला आले होते. पाणी उतरायच्या आधी.